पाखरचे कान

"पोरगी तुमचीच ना?" यासीनभाईंनी विचारलं.

"माझीच. बेबी म्हणतो आम्ही तिला."

"मग तिलाच बसवा घोडीवर."

आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं. पाखरच्या मानेवरून फिरणारा त्यांचा हात मात्र थांबला. मी घोडीच्या पलीकडच्या अंगाला, चाऱ्याच्या पेंढीवर बसले होते. तिथून मला आप्पांची बोटं तेवढी दिसत होती. त्यांच्या नखांखाली काळं काहीतरी अडकलेलं होतं आणि सकाळपासून ते निघालं नव्हतं.

"तिला कशाला?" आप्पा म्हणाले. "मी बसतो की. म्हणाल तेवढ्या फटाक्यांच्या लड्या लावा."

"तुम्ही बसून मला काय कळणार, हिरामणभाऊ? तुम्ही मांड आवळाल, लगाम खेचाल. आमच्या घोडीवर नवरदेव बसतो. त्याला बसता येत नाही. त्याच्या पुढ्यात त्याचा भाचा नाहीतर पुतण्या असतो, चार-पाच वर्षांचा. ते पोर तर अर्ध्या वरातीत झोपलेलं असतं." यासीनभाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "आणि लहान पोर बसवा, पायाखाली लडी लावा, हे तुम्ही म्हणालात. मी नाही म्हणालो."

ते खरं होतं. आप्पाच तसं म्हणाले होते.

सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो होतो. तापीच्या काठाकाठानं घोड्यांच्या रांगा लागल्या होत्या. डिसेंबरची थंडी, सगळीकडे ओल्या गवताचा आणि लिदीचा वास, कुठे हलगी, कुठे सनई, कुठे नाचणाऱ्या घोड्यापुढे चाललेला ढोल. माझं वय अकरा. एरवी आप्पांनी मला आणलं नसतं, पण आईनं पाठवलं होतं, आणि तेही कामगिरी देऊन.

"ह्यांना तिथं कोणीतरी भेटेल," आईनं माझी वेणी घालता घालता सांगितलं होतं. "गप्पा मारत बसतील आणि घोडी घेऊन परत येतील. तू लक्ष ठेव. घोडी परत यायला नको."

"पाखरनं काय केलंय?"

"तिनं काही नाही केलं. तिचा दोष नाही. पण ती दारात बांधलेली मला बघवत नाही."

आई हे बसून बोलत होती, कारण ती जास्त वेळ उभी राहू शकत नव्हती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टांग्यातून मामाच्या गावाहून येत होतो. एका दुकानापुढे कोणीतरी लडी पेटवली. पाखर त्याआधी कधी उधळली नव्हती. स्टेशनावर इंजिनाची शिट्टी कानाशी वाजायची, तरी ती डोळे अर्धे मिटून उभी असायची. पण त्या दिवशी ती जी सुटली ती रस्त्यावरच्या मोरीपर्यंत. आप्पा ओरडत होते, "घट्ट धर, घट्ट धर." मी धरलं होतं. आईच्या हातात फराळाचा डबा होता. तो तिनं सोडला नाही आणि टांगा कलंडला तेव्हा ती चाकाच्या बाजूला पडली. तेव्हापासून तिचा डावा पाय ओढत यायचा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल. आई म्हणायची, डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.

म्हणजे पाखर विकायची होती, आणि तिला कशाची भीती वाटते ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्या सबंध यात्रेत आणखी कोणाला ठाऊक नव्हतं.

आप्पा खोटं बोलणारे नव्हते. हे मी लेक म्हणून सांगत नाही. स्टेशनावर कोणाचं गाठोडं टांग्यात राहिलं तर ते तीन मैल परत जाऊन देऊन यायचे. पण बोलायला लागले की त्यांना थांबता यायचं नाही. उतारू टांग्यात बसला की आधी त्याच्या गावाचं कौतुक, मग गावच्या विहिरीच्या पाण्याचं, मग त्या पाण्यावर वाढलेल्या माणसांचं. उतरेपर्यंत त्या माणसाला आपण राजघराण्यातले आहोत असं वाटायला लागायचं. लोकांना ते आवडायचं. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, पण गिऱ्हाइकाशी आप्पा पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे आणि त्या मराठीत त्यांचं कौतुक आणखीच फुलायचं.

सकाळपासून दोन-तीन जण पाखरला बघून गेले होते. त्यांना टांग्याची घोडी नको होती. टांगे बंदच होत चालले होते. मग यासीनभाई आले. मालेगावचे, पांढरी दाढी, गळ्यात चौकड्याचा रुमाल, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. त्यांनी पाखरचे दात बघितले, चारी खूर उचलून बघितले, गुडघ्यांवरून हात फिरवला. डोक्याला काही त्यांनी हात लावला नाही. आप्पांनी तिला सजवलं होतं, कानांच्या बुडाशी लाल लोकरीचे मोठे गोंडे बांधले होते.

"पायानं चांगली आहे," यासीनभाई म्हणाले.

"पायानं एक नंबर," आप्पा म्हणाले. हे खरं होतं.

"गर्दीत?"

"पॅसेंजर आली की स्टेशनावर जत्रा असते, भाई. ही त्यात उभी असते." हेही खरं होतं.

"बँडचं काय?"

"बँड तर हिला आवडतो. ताल धरते." पाखरनं बँड कधी ऐकला होता की नाही, मला माहीत नव्हतं.

"मी वरातीला घोडी देतो. फटाके वाजतात."

मी चाऱ्याची काडी चावत होते ती थांबले. आता आप्पा सांगतील, असं मला वाटलं. एवढंच सांगायचं होतं, की भाई, तुमच्या कामाची नाही ही, दुसरी बघा. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मग ते यासीनभाईंकडे वळले आणि त्यांचं मराठी सुरू झालं.

"फटाके म्हणजे काय चीज आहे? हिच्या पाठीवर लहान पोर बसवा आणि पायाखाली लडी लावा. जागची हलली तर घोडी फुकट घेऊन जा."

तिथून यासीनभाईंचा तो प्रश्न आला होता.

"ये, बेबी," आप्पा म्हणाले.

मी गेले. त्यांनी मला काखेत हात घालून उचललं. त्यांचे हात गार होते. मला पाठीवर ठेवताना त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं आणि ते अहिराणीत पुटपुटले, "भिऊ नको, माय." मग त्यांनी लगाम जबड्याजवळ आखूड धरला आणि पाय रोवून उभे राहिले.

मी आयाळ मुठीत धरली. पाखरवर मी लहानपणापासून बसत आले होते. कसं बसायचं ते आप्पांनीच शिकवलं होतं आणि त्याच्याही आधी घोड्याकडे बघायचं कसं ते. आधी कान बघ, ते सांगायचे. दोन्ही कान पुढे असले तर ती काहीतरी बघतेय. एक पुढे, एक मागे, तर ती तुझं ऐकतेय. दोन्ही मागे चिकटले तर लांब हो. झोपेतसुद्धा घोडीचे कान फिरत असतात. ते फिरायचे थांबले तर समज, घोडी आजारी आहे.

त्या सवयीनं मी कानांकडे पाहिलं.

कान स्थिर होते. पलीकडे ढोल वाजत होता, शेजारच्या रांगेत एक घोडा खिंकाळत होता, आणि पाखरचे कान दोन पानांसारखे नुसते उभे होते. मी थोडी पुढे वाकले. वरून लाल गोंड्यांच्या आतलं दिसत होतं. जमिनीवर उभं राहून ते कोणाला दिसलं नसतं. कानाच्या आत, खोलवर, काहीतरी ठासून भरलेलं होतं. रंगानं काळपट, पण एका बाजूनं सुटलेला तंतू पांढरा होता.

कापूस होता तो. आईच्या वातींच्या डब्यातला कापूस. आदल्या रात्री आप्पांच्या पिशवीत मी तो डबा पाहिला होता आणि मला वाटलं होतं, देवळात वात लावायला आणला असेल. पांढरा दिसू नये म्हणून त्याला तव्याची काजळी फासली होती. आप्पांच्या नखांखाली तेच अडकलं होतं.

मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

यासीनभाईंनी पिशवीतून लवंगीची लडी काढली. ती त्यांच्या पिशवीत कायमच असावी, कारण काडेपेटीही तिलाच दोऱ्यानं बांधलेली होती. ते घोडीच्या मागे गेले. तिच्या डोळ्यांना टांग्याची झापडं होती, तिला मागचं दिसत नव्हतं. मला मागे वळून बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. काडी ओढल्याचा आवाज आला. मग फुसफुस.

"घट्ट धर," आप्पा म्हणाले.

मोरीवर ते हेच म्हणाले होते, ह्याच आवाजात.

लडी फुटायला लागली. माझ्या मांड्यांखाली पाखरची कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी, पण थांबेचना. जमिनीतून तिला काहीतरी कळत असणार, धुराचा वास येत असणार. तिनं एक पाय उचलला आणि परत तिथंच ठेवला. आप्पा तिच्या नाकाला नाक लावून काहीतरी बोलत होते आणि त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला होता. लडी संपली. शेवटचा एक फटाका उशिरानं फुटला आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा यासीनभाई पुढे आले होते.

"वा," ते म्हणाले. "खरंच हलली नाही."

"मी काय सांगत होतो, भाई." आप्पांचा आवाज फाटला होता.

यासीनभाईंनी गळ्यातला रुमाल काढला. यात्रेत किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याच्या आड एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. आप्पा बसले. लगाम त्यांच्या डाव्या हातात होता, उजवा रुमालाखाली. मी अजून वरच होते. मला उतरवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रुमाल हलत होता. आप्पांचा चेहरा मला वरून दिसत होता. भाव चांगला असणार, कारण त्यांच्या कपाळाची शीर सैल पडली. एकदा ते "नाही, नाही" म्हणून हसले, एकदा यासीनभाई हसले. मला आईची आठवण झाली. घोडी परत यायला नको. आता ती येणार नव्हती. ती मालेगावला जाणार होती. तिच्या कानात आज जे होतं ते उद्या कोणीतरी धुताना निघणार होतं, आणि मग एका संध्याकाळी तिच्या पाठीवर बसता न येणारा एक नवरदेव असणार होता आणि त्याच्या पुढ्यात झोपलेलं पोर.

"चला," यासीनभाई म्हणाले. हात अजून रुमालाखालीच होता. "एक गोष्ट राहिली. मी घोडं घेताना शेवटी घरच्या पोराला विचारतो. माझा नेम आहे." त्यांनी मान वर केली. "बेटा, दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा ही काय करते?"

आप्पांनी वर पाहिलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. एरवी ते माझ्याकडे बघायचे तेव्हा मी लहान असायचे. आता मी उंचावर होते आणि ते खाली बसले होते.

"काही नाही करत," मी म्हणाले.

यासीनभाईंनी मान हलवली. आप्पांनी श्वास सोडला. तिथं सगळं संपलं होतं. मी गप्प बसले असते तर.

"आम्ही हिच्या पायाशीच फटाके लावतो," मी म्हणाले. "शेजारची पोरंसुद्धा येतात. हिच्या पोटाखालून पळतात."

"अच्छा," यासीनभाई म्हणाले.

"मांजर झोपतं हिच्या पाठीवर. फटाके चालू असले तरी."

"पुरे, बेबी," आप्पा हसत म्हणाले. "बापाची सवय लागलीय, भाई."

"सुतळी बॉम्ब लावला ना," मी म्हणाले, "तरी ही कानसुद्धा हलवत नाही."

यासीनभाईंच्या चेहऱ्यावर लगेच काही दिसलं नाही. "कान हलवत नाही?" त्यांनी आणखी हळू आवाजात विचारलं.

"अजिबात नाही. आत्तासुद्धा नाही हलवले. बघा ना."

रुमालाखालची हालचाल थांबली. यासीनभाईंनी हात बाहेर काढला आणि रुमाल आप्पांच्या एकट्या हातावर पडला. ते उठले, गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. पाखरच्या डोक्याशी आले. त्यांनी तिच्या कानाजवळ टाळी वाजवली. मग दुसऱ्या कानाजवळ. दोन्ही पानं उभीच.

"भाई, ती दमलीय," आप्पा म्हणाले. "काल दिवसभर चाललीय."

यासीनभाईंनी माझ्याकडे हात पसरले. "आधी तू खाली ये, बेटा."

त्यांनी मला उतरवून चाऱ्याच्या पेंढीपर्यंत नेलं, तिथं उभं केलं आणि मग परत गेले. गोंडा बाजूला सारला, कानात दोन बोटं घातली आणि ओढलं. कापसाचा लांबच लांब बोळा निघाला, वरून काळा, आतून पांढरा. मग दुसरा.

पाखरला सगळी यात्रा एकदम ऐकू आली असणार. ढोल, हलग्या, माणसं, घोडे. तिनं डोकं झटकलं, पुढचे दोन्ही पाय उचलले आणि आप्पा लगामाला लटकून तिच्याबरोबर वर गेल्यासारखे झाले. मी बसले होते ती जागा हवेत गेली आणि खाली आली. शेजारची दोन माणसं धावली. तिला शांत करायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ यासीनभाई बाजूला उभे होते. पाखर थांबली तेव्हा त्यांनी कापसाचे दोन्ही बोळे आप्पांच्या तळहातावर ठेवले.

"फटाक्याला भिते, एवढंच सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी नसती घेतली. दुसऱ्या कोणी घेतली असती."

"इथल्या आवाजाला बिचकेल म्हणून सकाळी घातला होता," आप्पा म्हणाले. "तुमच्यासाठी नव्हता घातला. खरंच."

"असेल." यासीनभाईंनी रुमाल झटकून गळ्यात टाकला. "पण पोरीला बसवताना तर होता ना."

ते गेले. दुपारनंतर आमच्या बाजूला कोणी फिरकलं नाही. यात्रेत बातमी पसरायला वेळ लागत नाही.

परतीच्या वाटेवर आप्पा लगाम धरून पुढे आणि मी मागे. आप्पा बोलत नाहीत ही गोष्ट मला भुतासारखी वाटत होती. मी मनात आईपुढे उभी राहून बघत होते. तिला काय सांगायचं? घोडी का परत आली?

बरंच चालल्यावर ते थांबले. "पाय दुखत असतील. बस वर."

"नको. चालते."

"आता कानात काही नाही. बस."

मी बसले. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रक आला, तसे आप्पा लगाम सोडून पाखरच्या डोक्याशी गेले आणि त्यांनी तिच्या दोन्ही कानांवर तळहात ठेवले. ट्रक जाईपर्यंत ठेवले. मग लगाम घेऊन चालायला लागले. दर ट्रकला ते असंच करत होते.

आई दारात होती. तिनं घोडी पाहिली, मला पाहिलं, आप्पांना पाहिलं. आप्पांनी पिशवीतून वातींचा डबा काढून ओट्यावर ठेवला. आईनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि लावलं. लंगडत आत गेली आणि पाखरसाठी पाण्याची बादली भरून आणली.

पुढच्या महिन्यात सातपुड्याकडचा एक माणूस आला. त्याला डोंगरातल्या पाड्यांवर मीठ-मिरची पोचवायला जनावर हवं होतं. आप्पा म्हणाले, "फटाक्याला भिते. माझी बायको पडलीय हिच्यामुळे. बाकी पायानं चांगली आहे." आणि गप्प बसले. इतके गप्प, की तो माणूसच अवघडला आणि म्हणाला, आमच्याकडे फटाके कोण उडवतंय. त्यानं पाखर नेली. आप्पांनी नंतर टांगा मोडला आणि मार्केट यार्डात वजनकाट्यावर नोकरी धरली. तिथं कोणाचं कौतुक करायचं काम नव्हतं.

यात्रेतल्या त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी शिकले, नाशकात पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि विक्री विभागातच वर चढत गेले. आई गेल्यावर आप्पा माझ्याकडे राहायला आले. हळूहळू त्यांचं बोलणं परत आलं, पण पूर्वीएवढं कधीच नाही.

एका रविवारी सकाळी मी फोनवर आमच्या एका नव्या पोराला झापत होते. त्यानं शेतकऱ्याला सांगितलं होतं की हा पंप कोरड्या विहिरीतूनही पाणी काढेल. फोन ठेवला तेव्हा आप्पा वर्तमानपत्र बाजूला करून माझ्याकडे बघत होते.

"ओव्हरसेल म्हणजे काय गं? चार वेळा म्हणालीस."

"जास्त विकणं."

"जास्त विकलं तर कंपनीनं पेढे वाटावेत. तू झापतेयस."

"तसं जास्त नाही. वस्तू आहे त्यापेक्षा मोठी करून सांगायची. गिऱ्हाईक हो म्हणालं तरी बोलत राहायचं. मग त्याच्या मनात येतं, हा एवढं का बोलतोय? आणि ते उठून जातं. नाहीतर घेतं, आणि महिन्यानं आणून आपल्या दारात आपटतं."

"ह्याला इंग्रजीत शब्दच आहे म्हणजे."

"आणखी एक अर्थ आहे. जागा चाळीस असताना पन्नास तिकिटं विकायची."

"ते तर टांग्यात रोज करायचो," आप्पा म्हणाले. "चारची जागा, सहा उतारू. ते पाप नाही." ते परत वर्तमानपत्रात शिरले.

पण शब्द त्यांना आवडला. पुढचे काही दिवस त्यांनी तो जागोजागी वापरून पाहिला. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली की, "ओव्हरसेल." भाजीवाल्यानं मेथी आत्ताच शेतातून आणली म्हणून सांगितलं की त्याच्या तोंडावर, "ओव्हरसेल करू नको रे." माझ्या नवऱ्यानं स्वतः केलेल्या उपम्याची स्तुती सुरू केली तेव्हा आप्पा मला डोळ्यांनीच विचारत होते, बरोबर ना? मी मान हलवली. बरोबर होतं. आमच्या नव्या पोरांना तो शब्द इतक्या लवकर कळत नाही.

मग एका सकाळी आम्ही गॅलरीत चहा पीत होतो. खाली एका मुलाची सायकल शिकण्याची खटपट चालली होती आणि त्याचा बाप मागून सीट धरून पळत होता. आप्पा बराच वेळ ते बघत होते.

"त्या दिवशी तू ओव्हरसेल केलंस," ते म्हणाले.

कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही.

"कान हलवत नाही म्हणालीस," आप्पा म्हणाले. "मी एवढी वर्षं मनाला लावून घेतलं होतं. मला वाटायचं, पोरीनं बापाचं सगळं खरं धरलं. आपण जे बोललो त्यावर विश्वास ठेवून ती बिचारी पुढचं बोलली. तिला काय माहीत."

"घोड्याचे कान कसे बघायचे ते मला कोणी शिकवलं, आप्पा?"

त्यांनी कप खाली ठेवला. खालचा मुलगा पडला, उठला, परत सायकलवर बसला.

"कापूस दिसला होता तुला," ते म्हणाले.

"हो."

"कधी?"

"वर बसल्यावर."

"म्हणजे मी बसवल्यावर." ते थांबले. "लडी लागायच्या आधी."

"हो."

"मग ओरडली का नाहीस? उतरव म्हणायचं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात गॅलरीच्या कठड्यावर होता आणि बोटं घट्ट मिटलेली होती, काहीतरी धरल्यासारखी. त्यांना खरंच उत्तर हवं होतं आणि ते कोणतं आलं तर सोसेल हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्ही लगाम धरला होता ना," मी म्हणाले. "त्यामुळे मला काही वाटलं नाही. जरासुद्धा भीती वाटली नाही. उलट मजाच वाटत होती."

आप्पांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला, आपल्या कपात ठेवला आणि उठले.

"हे ओव्हरसेल झालं, बेबी," ते म्हणाले आणि कप घेऊन आत गेले.